पाच दहाची गाडी

सर म्हणाले, नववी संपायच्या आत एक आठवडा
कॉलेजच्या जीएसमागं फिर. बोलायचं नाही. बघायचं.

रेहाना मुजावर. मला वाटलेलं, भाषण असेल, माइक.
पहिल्या दिवशी तिनं मोजल्या
लेडीज रूमच्या तुटक्या कड्या : चारातल्या तीन.
दुसऱ्या दिवशी सांगली डेपोत, लाकडी बाकावर
दोन तास. साहेब जेवायला गेलेले.

दुधगावची एसटी पाच दहाला सुटते,
प्रॅक्टिकल संपतं साडेपाचला.
एवढंच वाक्य घेऊन ती बसलेली,
आणि पुडीतलं भडंग
माझ्यापुढं सरकवत होती.

साहेब आले. "सतरा गावं सांभाळायची, पोरी."
ती हसली नाही, चिडली नाही,
अठ्ठावीस जणींची नावं वाचत गेली,
सावकाश, आडनावासकट.
टेबलाखाली तिचा गुडघा थरथरत होता.
बाजूला बसलेल्या मलाच तो दिसला.

शनिवारीही गाडी पाच दहालाच गेली.
धूर ओसरेपर्यंत ती तिथंच उभी.
मग पेन माझ्या हातात :
"सोमवारी परत यायचं.
अर्जावर नवी तारीख तू घाल."

मी दुधगावचीच.
हे तिला सांगायचं राहिलंय.
बोलायचं नाही, म्हणालेले सर.