पिग्मी

सकाळी अशोक चौक. किराणावाले, एक सलून.
दुपारी टॉवेलच्या कारखान्यांमागच्या गल्ल्या,
जिथं मागांच्या खडखडाटात
आकडा ओठांवरून वाचावा लागतो.
चारनंतर विडी घरकुल.
गळ्यात पतसंस्थेची पिशवी, हातात मशीन.
नावानं मला कुणी ओळखत नाही.
"पिग्मी आला," म्हणतात, जसं पाणी आलं म्हणतात.
पाणी चार-पाच दिवसांनी येतं.
मी रोज.

वीस. पन्नास. "आज नको, उद्या दोन घे."
उद्याचे दोन मी अजून पाहिले नाहीत.
सलूनवाला इरण्णा पोरीच्या नर्सिंगसाठी टाकतो
आणि गड्ड्याच्या जत्रेत काढतो.
दरवर्षी म्हणतो, मोडलं नाही रे,
नुसतं वाकवलं.

राजमणी गुंटूक तीस देते.
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा,
आणि बोटं अशी, की तिला न विचारता चालतात.
नवरा मागावर होता. दोन बोटं गिअरमध्ये गेली.
विमा होता, वर्षाला वीस रुपयांचा,
खात्यातून आपोआप कापला जाणारा.
कागद घेऊन मीच गेलो तिच्यासोबत बँकेत.
साहेबांनी नियम वाचला, आवाज खाली करून:
हात म्हणजे मनगटापासून.
"मग बोटं कुणाची असत्यात?" राजमणीनं विचारलं.
साहेबांनी चष्मा पुसला.
तरी पुढच्या मे महिन्यात
खात्यात वीस रुपये ठेवायला ती विसरली नाही.
"राहिलेला हात हाय की अजून."

आता माझं.
फोनवर घेतलेलं कर्ज. आठ हजार, दोन मिनिटांत.
फेडायला लागलो तेव्हा कळलं,
ती दोन मिनिटं किती लांब होती.
एका मंगळवारी हप्त्याला तीस कमी पडले.
तीसच.
राजमणीचे मी मशीनवर मारले नाहीत.
"पावती?"
"रोल संपलाय."
तिला वाचता येत नाही. पासबुक डब्यात असतं,
शेंगाचटणीच्या पुडीला टेकून,
कडेला लाल तेल मुरलेलं.

वर्ष भरत आलं तेव्हा तिनं तोच डबा उघडला.
पासबुक काढलं नाही.
चटणीच्या मागून कट्टे काढले.
रोज पान कापताना उरलेलं एक कातरण,
नखाएवढं. पंचवीस झाली की दोरा,
विड्यांना बांधते तसा.
अकरा कट्टे फरशीवर. सुटी एकोणीस.
"तुझ्या मशीनमध्ये किती दिवस?"
मी बटणं दाबत राहिलो, उगाच, पुन्हा.
अकरा आणि अठरा.

तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.
कारखान्यात तिच्या हजारातल्या किती विड्या
छाट म्हणून बाजूला पडतात,
आणि त्या पुढं कुठं जातात,
हे ती कुणाला विचारत नाही. मोजते मात्र.
"तुझं कार्ड हाय का?"
"माझं? मी एजंट आहे."
"म्हंजे नाही. काढ की बे. रोज दहा.
दिवसभर लोकांच्या दारात जातोस,
शेवटी सोताच्या पण जा."
"आणि ते तीस?"
"मी मोजलंय. आता तू मोज."

दुसऱ्या दिवशी तिनं तीस दिले. मी साठ मारले.
पावती तिनं उलटीसुलटी पाहिली, डब्यात टाकली,
आणि कातरण एकच ठेवलं.

रात्री लुना लावली की
माझ्या दाराशी माझं शेवटचं घर.
दहाची नोट या खिशातून त्या पिशवीत.
कधी कधी स्वतःलाच म्हणतो,
आज नको, उद्या दोन घे.
मग उभा राहतो तिथंच, पिग्मीवाल्यासारखा,
देईपर्यंत हलत नाही.
फोनचे पाच हप्ते अजून आहेत.
पावतीचे रोल मात्र
आता दोन ठेवतो.