अडीच लिटर

मँगनीजच्या खाणीनं लिलावात काढली तेव्हा घेतली.
कागदावर ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
पण मध्ये दोनदा रंग दिल्यामुळे
आता मीच थोरली दिसते.

मोमिनपुऱ्यात नियाज मिस्त्रीनं बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "मॅडम, इंजिन नाही थकलं.
तुम्हीच थकून राहिल्या."
खरं होतं.
कामठी रोडवर मला सायकलींनी मागं टाकलं होतं,
एकदा तर वरातीनं,
आणि नवरदेवानं घोड्यावरून मागं वळून पाहिलं होतं.

बाजारगावपाशी उलटलेल्या बोलेरोचं इंजिन
कबाड्याकडून हातगाडीवर आलं.
अडीच लिटर, डिझेल, काळं,
कुठं बसवायचं ते घरात कुणालाच ठाऊक नसलेल्या
पाहुण्यासारखं.

नवतपा लागला होता.
पान्याला हात लावला की कातडी पान्याची होत होती.
कडुनिंबाच्या फांदीला चेनपुली बांधून
डोमानं जुनं इंजिन वर उचललं,
फांदी करकरली, डोमानं शिवी दिली,
आणि एका बाजूनं जमीन दिसली
जी मी त्या गाडीतून कधी पाहिली नव्हती.

मी जन्मभर थिओडोलाइट लावून
कोन सेकंदांत मोजले.
नियाज बोटांनी मोजायचा:
संप अॅक्सलवर दोन बोटं बसतो,
रेडिएटर तीन बोटं पुढं पाहिजे.
माउंट कापले, वेल्ड केले, परत कापले.
हिंगण्याच्या लेथवरून गिअरबॉक्सची जोडपट्टी आली,
तिचं एक भोक चुकलेलं.
पुन्हा हिंगणा.
फायरवॉल हातोड्यानं आत ठोकली,
तेव्हापासून माझ्या डाव्या गुडघ्याला
जरा तिरपं बसावं लागतं.
वजन वाढलं म्हणून पुढच्या कमानीत एक पाटा जास्त.
मोठं काळीज घालायचं तर
बरगड्याही सरकवाव्या लागतात, असं मी म्हटलं.
नियाज म्हणाला, "क्लच प्लेटचे पैसे द्या."

आरटीओतल्या साहेबानं विचारलं, जुनं इंजिन कुठाय,
जसा काही मी खून करून आले.
फॉर्मवर रकाना होता: बदलाचे कारण.
मी लिहिलं, चढ.
त्यानं ते खोडून स्वतःच्या हातानं
"नादुरुस्त" लिहिलं. ते खोटं आहे.
जुनं इंजिन पोर्चमध्ये गोणपाटाखाली आहे
आणि ढकललं तर आजही फिरतं.
जावई म्हणतो, वर काच टाकून टेबल करू.
मी अजून काही बोलले नाही.

जुलैच्या शेवटी देवलापारला निघाले.
मनसर गेलं, कळलंच नाही.
चोरबाहुलीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये,
सुई जागची हलली नाही,
एका ट्रकला मी मागं टाकलं,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि आरशात त्याला लहान होताना पाहत राहिले.

त्या नादात सुगंधाबाई उईकेची टपरी मागं पडली.
सव्वीस वर्षं मी तिथं थांबले होते
कारण तिथं पाणी उकळायचं.
बॉनेट उघडं टाकून अर्धा तास,
तिचा चहा, तिच्या सुनेची भांडणं,
आणि ती स्वतः कॅन घेऊन यायची, न सांगता.

अर्ध्या मैलावर पाय आपोआप निघाला.
जुन्या सडकेनं वळसा घेतला.

ती बाहेरच आली नाही.
"आवाज नाही वळखला, बाई.
मले वाटलं पोलिसाईची गाडी."
मग कॅन उचलला.
मी म्हटलं, पाणी नको.
ती कॅन धरून उभीच राहिली.
"मंग कायले थांबल्या?"

मी बॉनेट उघडलं.
तिनं वाकून आत पाहिलं, कॅन हातातच.
"मोठं हाय," म्हणाली,
आणि खाली ठेवायला जागा दिसेना म्हणून
कॅन बंपरवर ठेवला.