शिल्लक अक्षरं

खातं बंद झालं मंगळवारी,
दुपारी, बॉबिन बदलायच्या वेळेला.
पडद्यावर एकच ओळ:
आपल्या वापरात नियमभंग आढळला आहे.
मागं चौदा माग चालूच होते,
त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मल्लेशम मामय्यांनी बनियनच्या टोकानं चष्मा पुसला.
वाच म्हणाले, पहिल्यापासून.
सही केली होतीस ना?

सही नाही, मामय्या. चौकटीत टिचकी.
मागच्या दिवाळीत, एका हातात पावतीपुस्तक,
कडेवर पोरगी,
बेचाळीस पानं अंगठ्यानं वर ढकलून
मान्य आहे.

मग वाचली.
खटखटीच्या वर आवाज काढून,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये सगळे बोलतात तशी.
व्यावसायिक ग्राहकाने, ज्याची संमती नाही
त्यास संदेश पाठवू नये.
बरोबर आहे, म्हणाले.
न विचारता कुणाच्या ओट्यावर गठ्ठा उतरवू नये.
मालाविषयी दिशाभूल करू नये.
बरोबर आहे.
खात्याची चावी इतरांस देऊ नये.
यावर ते काहीच बोलले नाहीत.
आधी अंबादासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

अंबादास कोनाचं सूत बोटाला गुंडाळत होता,
सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.
सहा हजार नंबर, घाऊक भावात,
कुठल्याशा क्लासवाल्याकडून घेतलेले.
आणि बाहेरच्या ट्रकमधून उतरलेल्या टॉवेलांवर
त्याचीच ओळ: अस्सल सोलापुरी, आमच्याच मागावरचा.

तक्रारी एकतीस.
मोहोळची एक बाई लिहिते,
लेकराच्या निकालाचा मेसेज वाटला,
भांडी टाकून, हात धुऊन उघडला.

मामय्या उठले.
फळीवरून जुन्या जकार्डचे पत्ते काढले,
दोरीत ओवलेले, कडा कुरतडलेले.
उजेडासमोर धरले.
भोक आहे तिथं दोरा उठतो,
नाही तिथं गप पडून राहतो.
नियम म्हणजे दुसरं काय असतं?
एकोणनव्वद साली एक भोक चुकीचं पाडलं मी.
दीडशे चादरी उतरल्या,
एकाही मोराला मान नाही.

मग?
मग काय. विकल्या नाहीत. पांघरल्या.

खरं आहे. माझ्या बाळंतपणात
तीच चादर होती अंगावर.
मी मोर मोजले होते रात्रभर,
मान शोधायचं सुचलं नव्हतं.

खुलासा द्या, असं खाली होतं.
पाचशे अक्षरांत.
अंबादास म्हणाला, वहिनी, खातं चोरलं कुणीतरी असं लिही.
सगळे तेच लिहितात.
तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला
आणि माग एकेक करून थांबले,
आणि त्याचं वाक्य शेडमध्ये एकटंच उभं राहिलं.

मी लिहिलं:
नंबर विकत घेतले होते. तो माल आमच्या मागावरचा नव्हता.
चावी मीच दिली, कॅलेंडरमागं लिहून ठेवली होती.
नंबर सगळे पुसतो. त्याआधी मोहोळच्या बाईंना
एकदा माफीचा संदेश पाठवायचा आहे,
त्याला त्यांची संमती कशी घ्यायची, ते कळवावं.

अक्षरागणिक आकडा उतरत होता.
शिल्लक: एकोणीस.
कळावे लिहू का, मी विचारलं.
राहू दे, मामय्या म्हणाले,
दशांसाठी थोडं सूत सोडावंच लागतं,
शेवटपर्यंत विणलं की काठ उसवतो.

पाठवलं.
तीन ते पाच दिवस लागतील, असं लगेच आलं.
मामय्या पत्ते पुन्हा फळीवर ठेवत होते,
एक खाली पडला, तो मी उचलला नाही लगेच,
त्याच्या भोकांतून फरशीवर
काय दिसतंय ते बघत राहिले.

पलीकडे अंबादासनं डबा उघडला.
रोज न विचारता सगळ्यांच्या भाकरीवर
शेंगाचटणी टाकणारा माणूस.
आज चमचा हवेत धरून म्हणाला,
वाढू का?