कल्ला

जेटीवरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
जुलेखाबी मुकादम आली तेव्हा
धोपाव्याची फेरी नुकतीच सुटलेली.
टोपलीतून बर्फ गळत होता, हाताला खवले,
म्हणून मोबाइल तिने ओढणीत धरून पुढे केला.
"अशफाकला जहाजावर घेतायत. ऐंशी हजार मागतो एजंट.
हा जहाजाचा फोटो. जरा बघ."

बघ म्हणजे काय बघू?
निळं जहाज, पांढरे मजले, कडेला टांगलेलं नारिंगी होडकं.
देखणं होतं. तेच जरा खटकलं.

फोटो लॅपटॉपवर घेतला.
शोधायच्या चौकटीत, कोपऱ्यात, एक बारीक कॅमेरा असतो.
वर्षभर मी त्याला नक्षी समजत होते.
त्यावर टिचकी मारायची,
फोटो ओढत आणून आत सोडायचा.
शब्द एकही लिहायचा नाही.
खिडकीपाशी सरकले, रेंज तिथेच येते.

पडदा भरला निळ्या जहाजांनी,
खेळण्यातली, कॅलेंडरातली,
एक तर बिस्किटाच्या पुड्यावरचं.
"एवढी?"
"ही सारखी दिसणारी. आपल्याला तेच पाहिजे."
चौकटीचे कोपरे आत ओढले,
आभाळ गाळलं, पाणी गाळलं,
धुराडं तेवढं ठेवलं, त्यावरचे दोन पिवळे पट्टे.
काही नाही.

ती इतका वेळ होडक्याकडे बघत होती.
तिला वाचता येत नाही,
पण बंदरातल्या होड्यांचे नंबर चेहऱ्यांसारखे पाठ.
"ही अक्षरं पाठ करून बसलीत," म्हणाली.
खरंच. कोणीतरी फोटो आरशात धरल्यासारखा फिरवला होता.
मी तो उलटा केला, म्हणजे सुलटा झाला,
पुन्हा कॅमेरा, पुन्हा ओढणं,
पुन्हा ते गरगरणारं वर्तुळ.

आणि आलं वर.
तेच होडकं, तेच पट्टे,
कुणा हौशी माणसाने कुठल्याशा बंदरात टिपलेले.
तारीख बघायची, सगळ्यात जुनी आधी:
चौदा वर्षांपूर्वी.
त्याखाली आणखी एक, नऊ वर्षांपूर्वीचा.
अलंगचा चिखल. तेच जहाज, पोट फाडलेलं,
आत मुंग्यांएवढी माणसं पत्रा कापतायत.

सांगावं लागलं नाही.
तिने टोपलीतली सुरमई उचलली,
अंगठ्याने कल्ला वर केला, लाल होता, खाली ठेवली.
"गिऱ्हाईक असं करतं तेव्हा राग येतो मला.
आता नाय येणार."

प्रिंट रंगीत मागितली. एजंटाच्या तोंडावर टाकायला.
वीस रुपये मोजून दिले, ओले.
पायरीवरून परत वळली.
"अशफाकचे दोन फोटो दिलेत त्याच्याकडे. आधारही.
ते कुठे फिरत असतील, हे पण दिसतं यात?"
मग स्वतःच, "नको. राहू दे."

फोटो मीच काढलेला, मागे पांढरी चादर लावून,
तो इथेच आहे, याच लॅपटॉपवर.
हसू नको म्हटलं होतं, तरी थोडा हसलाय.
फेरी परत येतेय, भोंगा झाला,
बाहेर दोघेजण सातबाऱ्याची नक्कल घेऊन उभे.
फोटो ओढत चौकटीपर्यंत आणलाय.
बोट सोडायचं तेवढं राहिलंय.