हिरवं टोक, लाल टोक

खाडीच्या वर सड्यावर, जिथं आधी नुसता कातळ होता
आणि श्रावणात तेरडा,
तिथं आमचा कारखाना.
मी गेज लावते.

पोकळ कवच रुळावरून येतं, तोंड उघडं,
अंगाला तेलाचा वास.
हिरवं टोक घालते: गेलं पाहिजे.
मग लाल टोक: अडलं पाहिजे.
पाळीला साडेचारशे.
नवरा विचारतो, नेमकं करतेस काय गं तिथं?
सांगते, घशात बोट घालून बघते.

कवच आमचं.
दारू भरतात मस्कतच्या बाजूला कुठंतरी,
फ्यूज येतो व्हिएतनामहून,
आणि तोफ आहे एका देशाकडं ज्याला समुद्रच नाही.
चौघांनी तीन वर्षं वाद घातला
आणि एका कागदावर सह्या केल्या:
आटा एवढा, खोली एवढी,
चूक केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, वर नाही.
इकडं पलीकडच्या वाडीशी
जाळ्याच्या आसाचं माप ठरवायला
आमचे आजे बसले होते. अजून बसलेत त्यांचे नातू.

मार्चात पाहुणे आले.
नासिर म्हणून एक होता, त्याला देवगड ठाऊक,
लहानपणापासून, पेटीवरच्या छापाने.
आणि थू, फ्यूजवाली, माझ्याच वयाची,
जिला पायऱ्या चढताना गुडघा दुखायचा.
त्या दिवशी सतराव्या लॉटमध्ये
लाल टोक सरळ आत गेलं.
एकदा नाही. एक्केचाळीस वेळा.
फोरमन जुवाटकर कानाशी आला,
"पावण्यांसमोर नको गो. केसाचो तर फरक."
मी लाल खडू उचलला.
थूने हात पुढं केला, गेज मागितलं,
मनगट अगदी तसंच वळवलं, शेवटी जरासं सैल सोडून,
जे मला शिकवायला कोणी नव्हतं
आणि तिलाही नसणार.
मग मान हलवली. नाही.
आम्हा दोघींत तेवढा एक शब्द सारखा होता.

दुपारी तिला घरी नेलं जेवायला.
पडवीत लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून
लोखंडी गोळा आहे, सासऱ्यांना बंदरात गाळ उपसताना सापडलेला.
तिने खुणेने विचारलं, कोणाचा?
पोर्तुगीज, आंग्रे, इंग्रज, काय सांगणार.
सासूबाई चुलीपाशून म्हणाल्या,
"कोणाचो काय? लोणच्याचो."
मी एकदा त्याला व्हर्निअर लावला होता.
तीन बाजूंनी तीन आकडे.
विजयदुर्गावरच्या एकाही तोफेत तो जात नाही,
शाळेत असताना आम्ही पोरांनी करून पाहिलंय,
जुन्या वहाणेत मूल पाय घालून बघतं तसं.

थूने गोळा मांडीवर घेतला, मांजर घ्यावं तसा.
मग फोनवर फोटो दाखवला:
भातशेत, पत्र्याची शाळा, आंब्याचं झाड,
फांदीला टांगलेलं रिकामं कवच,
खाली दोरी धरून उभी एक मुलगी.
घंटा.
ती मुलगी तीच का, ते विचारायला शब्द नव्हते.
फोटो मोठा करून मी कवचाचं तोंड बघितलं.
सवय.
आटा झिजलेला. आमच्या मापाचा नव्हता.

आता कागद पक्का झालाय. दुसरी पाळी सुरू होणार,
धाकट्या जावेलाही घेतील म्हणतात.
घरावर नवा पत्रा आला, होडीचं इंजीन आलं,
ते सगळं ह्या दोन टोकांतून.
गेलेली कवचं जिथं जातात
तिथलं माप घ्यायचं गेज आमच्या खणात नाही.
मी शोधलंय असंही नाही.

ती एक्केचाळीस मागं कुंपणापाशी पडलीत,
तोंडावर माझी लाल फुली.
त्यातलं एक मी मागितलं, वाडीच्या शाळेसाठी,
तिथं अजून रुळाचा तुकडा बडवतात.
जुवाटकरांनी वर विचारलं. वरच्यांनी बाहेर विचारलं.
नासिरचं उत्तर आलं, थूच्या कंपनीचं आलं,
डोंगरातल्या देशाचंसुद्धा, शिक्क्यासह.
नाकारलेला माल कापून वितळवायचा.
ह्या बाबतीत चारही देशांचं
पहिल्याच पत्रात एकमत.