सतरावी प्लेट

पुस्तकातली नाणी उडवून कंटाळला होता वर्ग,
म्हणून सकाळी सातला नेला मेडिकल चौकात,
डोमाजींच्या ठेल्यावर.
तर्री-पोहे, तीस प्लेटा.
आधी चणे मोजायचे, मग खायचं. पैसे माझे.
"मोजून काहून खाता बाप्पा?" डोमाजी हसले.
पळी तीच, मनगट तेच.

चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, पुन्हा एकेचाळीस…
प्रमाण विचलन इतकं कमी
की फळ्यावर मी दोनदा तपासलं.
फक्त सतरावी: एकाहत्तर.

"चूक आहे मॅडम. खोडू?"
प्रणोती उईकेचं पेन तयारच.

खोडली तर सरासरी एकेचाळीस,
ठेवली तर बेचाळीस.
मध्यक ढिम्म हलत नाही.

चूक मोजणाऱ्याची का वाढणाऱ्याची,
यावर वर्ग चांगलाच तापला.
सतरावी ज्याची, तो निकेश
मागच्या बाकावर
पेनाचं टोपण चावत होता.
त्याच्या वहीला कांद्याचा वास येतो,
पहाटे चारला कोण चिरतं डोमाजींचे कांदे,
हे मला आज कळत होतं.

"राहू दे ती," म्हणाले.
"पण का, मॅडम?"
"पुढच्या तासाला सांगते,"
आणि खडू शोधत राहिले,
हातातलाच.