नि-७

माती मागायला गेले तेव्हा
वखारीचा राखणदार मल्लाप्पा म्हणाला,
‘मण्ण याक बेक्री?’
माती कशाला पाहिजे बाई,
इथं गवतसुद्धा धड उगवत नाही.

म्हणूनच, म्हटलं.

चाळीस वर्षं जिथं पोती झटकली,
खकाणा भिजून, वाळून, परत भिजून
काळा थर झाला,
त्या भिंतीच्या बुडातली चमचाभर माती
निर्जंतुक नळीत भरली.
चिकटपट्टीवर लिहिलं : नि-७.
नि म्हणजे निपाणी की निकोटीन
तेव्हा ठरवलं नव्हतं.

बेळगावला प्रयोगशाळेत तिला जेवायला घातलं
तेच. फक्त तेच.
साखर नाही, पेप्टोन नाही,
ताटात विषाशिवाय काही नाही.
नि-१ ते नि-६ मधून काही उगवलं नाही.
सातवीनंही तीन दिवस दाद दिली नाही.
चौथ्या दिवशी सकाळी
हलत्या यंत्रावरचा चंबू निळा होता.

शाई सांडल्यासारखा नव्हे.
बादलीत नीळ सोडल्यावर
ढवळायच्या आधी
एक क्षण जशी ती पाण्यात उतरते, तसा.

मग महिनाभर पेशी फोडणं, गाळणं, बर्फात हात.
शेवटी नळीच्या तळाशी
थेंबभर पिवळं, हळदीच्या पाण्याइतकं फिकं.
हे विकर.
याच्या खोबणीत रेणू येऊन बसतो
आणि हे त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं,
आक्का पानाची शीर काढते तसं,
मान वर न करता, पान न फाडता,
आणि प्राणवायूच्या हातात देतं.
प्राणवायू ते घेतो नि जरा बिघडतो,
जखमेवर फेसाळणारं पाणी असतं ना, ते होतो.
तिकडे रेणूची कडी सैल पडते.
एवढंच.
आवाज नाही, धूर नाही.

देसूरकर मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या :
वखारीचं सांडपाणी. चोथ्याचं खत.
थेंबात किती आहे ते सांगणारी पट्टी.
आणि औषध, जे रक्तातच त्याला गाठेल,
मेंदूपर्यंत पोचू देणार नाही.
(हे अजून उंदरांपर्यंतच आलंय,
त्यांनी कंसात लिहिलं, खडू मोडला.)

शनिवारी संकेश्वरमार्गे घरी.
पिशवीत बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली,
तळाला निळा डाग राहिलेली,
उकळून, धुऊन, तरी न गेलेला.
आक्काच्या मांडीवर सूप.
बोटं करडी, नखांच्या कडा तपकिरी,
लग्नाच्या मेंदीखालीही तशाच होत्या म्हणे.
तिनं बाटली उजेडात धरली, नाकाशी नेली.
वास कधीचा कळत नाही तिला, सवयीनं नेली.

‘मग हे हाताला लावलं तर?’
नाही गं. कातडीच्या आत शिरत नाही ते.
‘पोटात घेतलं तर?’
पचून जाईल, भाकरीसारखं.
‘मग आमच्या काय कामाचं?’

मी सांगायला लागले, वखारीमागचा ओढा,
विहिरीचं पाणी, पुढची पोरं.
ती ऐकत होती की मोजत होती, कळेना.
दोरा गुंडाळला, कात्रीनं तोडला,
छाट बाजूला टाकली.
माझ्या फीच्या पावत्या
याच सुपातून निघाल्या होत्या एकेक करून,
दुसरं काही नव्हतंच ताटात.

बंडल बांधून झाल्यावर म्हणाली,
‘दिवसभर तंबाखूच नीट करतंय म्हणतीस.
हजाराला काय देतात त्याला?’